कवटीचं हाड परत बसवणं म्हणजे 'कॉस्मेटिक'? दादाच्या मेडिक्लेमचा माझा अनुभव

बरेच जण विचारतात म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. दादाचा अपघात उसाच्या सीझनमधला, रात्री ऊस भरलेल्या ट्रॉलीला मागून गाडी धडकली, ट्रॉलीला ना लाइट ना रिफ्लेक्टर, आमच्या सांगलीकडं हे काय नवीन नाही. डोक्याला डाव्या बाजूला मार. मेंदूला सूज आलेली म्हणून डॉक्टरांनी कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढला आणि तो त्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला, म्हणजे हाड जिवंत राहतं आणि सूज उतरली की परत जागेवर बसवता येतं. आईला हे सांगताना माझी काय अवस्था झाली असेल बघा.

पहिल्या ऑपरेशनचा क्लेम तसा पास झाला. टीपीएची (कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणारी एजन्सी) क्वेरी आली की पेशंट दारू प्यायला होता का, पण कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी पहिल्याच केसपेपरवर वास नाही असं लिहिलेलं होतं, एमएलसी म्हणजे हॉस्पिटलनं केलेली पोलीस केसची नोंद होती, एफआयआरची कॉपी होती, त्यामुळं तिथं अडलं नाही. अपघाताची केस असेल तर हा पहिला कागद हातात ठेवाच, नंतर मागायला गेलं की रेकॉर्ड रूमवाले चार दिवस फिरवतात. मार बसला तो रूम रेंटमध्ये. पॉलिसी ५ लाखांची, रूमची लिमिट १ टक्का म्हणजे दिवसाला ५ हजार, आणि आयसीयूमधून बाहेर काढल्यावर जी रूम मिळाली ती ७,५०० ची. मग फक्त रूमचं भाडंच नाही तर डॉक्टर व्हिजिट, नर्सिंग सगळं त्याच प्रमाणात कापलं. त्यांनी औषधं आणि स्कॅनसुद्धा त्यात धरले होते, ते धरता येत नाहीत, नियमच आहे तसा, मेल केल्यावर तेवढे परत दिले. आपण मेल केला नसता तर गेलेच असते.

खरी गंमत पुढं. काही महिन्यांनी हाड परत बसवायचं ठरलं, क्रॅनिओप्लास्टी म्हणतात त्याला. कॅशलेस टाकलं, म्हणजे कंपनीनं थेट हॉस्पिटलला पैसे द्यावेत म्हणून, आणि उत्तर आलं 'कॉस्मेटिक सर्जरी, नॉट पेयेबल'. मी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर जाऊन म्हटलं, अहो त्याच्या डोक्याला डाव्या बाजूला हाडच नाहीये, हात लावला तर खाली मेंदूची धडधड लागते, तो काय सिनेमात काम करायला चाललाय का. तिथला पोरगा बिचारा म्हणाला, "मॅडम, आमच्या हातात काय नाही, वरून आलंय."

त्या रात्री पॉलिसीचं पुस्तक काढून बसले. एक्स्क्लुजन म्हणजे पॉलिसी ज्याचे पैसे देत नाही ते, त्यातला कोड ०८, कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी. त्याच वाक्यात पुढं लिहिलंय की अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची दुरुस्ती असेल तर हे लागू नाही. ही एक्स्क्लुजनची भाषा सगळ्या कंपन्यांना विमा नियामकानं एकच ठरवून दिलेली आहे, त्यामुळं तुमच्या पॉलिसीतही हेच असणार, कंपनी कुठलीही असो. रिजेक्शनच्या पत्रात त्यांनी अर्धंच वाक्य टाकलं होतं! न्यूरोसर्जननी अर्ध्या पानाचं सर्टिफिकेट दिलं, की मेंदूला संरक्षण नाही, पडला तर जिवावर बेतेल, दिसण्याचा संबंध नाही. ऑपरेशन थांबवून चालणार नव्हतं म्हणून आप्पांनी एफडी मोडून पैसे भरले, मग मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला क्लॉजचा फोटो आणि सर्टिफिकेट जोडून मेल केला, सोबत विमा नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवर पण तक्रार टाकली. पैसे आले, रिइंबर्समेंटनं, म्हणजे आधी आपण भरलेले नंतर परत.

आले ते दादाच्या खात्यात, कारण पॉलिसी त्याच्या नावावर. आणि दादाचा उजवा हात चालत नाही, सही जुळत नाही, बोलणं तुटक, पण समजतं सगळं. बँकेत आधी सरळ नाही म्हणाले. आजारी माणसाचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो, त्यातला एक बँकेचाच अधिकारी लागतो, अशी रिझर्व्ह बँकेची सोय आहे, हे वहिनीला तिच्या ऑफिसातल्या एकानं सांगितलं. शेवटी मॅनेजर स्वतः घरी आले. चांगला माणूस.

आता रिहॅब. इथं मी हरले ते पण सांगते. डिस्चार्जनंतर त्याला न्यूरो रिहॅब सेंटरला ठेवलं होतं, त्याचा क्लेम एक्स्क्लुजन कोड ०५ खाली नाकारला गेला. त्यात अंघोळ घालणं, कपडे घालणं, चालायला मदत करणं असल्या देखभालीसाठी केलेली ॲडमिशन बाहेर काढलेली आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसाला नेमकं हेच तर लागतं ना वर्षानुवर्षं, म्हणजे पॉलिसी टाके पडेपर्यंत आणि पुढं तुमचं तुम्ही बघा. पण एक फट आहे. आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांचा खर्च मिळतो, आणि क्रॅनिओप्लास्टीची ॲडमिशन वेगळी धरल्यामुळं ते ६० दिवस नव्यानं सुरू झाले. डिस्चार्ज समरीतच 'रोज फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी' असं लिहून घेतलं. फिजिओचे पैसे दिले, स्पीच थेरपीला नाही म्हणाले.

मग कंपनीचं शेवटचं नाही हातात आल्यावर विमा लोकपालांकडं गेले, आमच्यासाठी पुण्याचं ऑफिस. फी नाही, वकील लागत नाही, खरं तर वकील चालतच नाही. कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं, आणि कंपनीनं उत्तरच दिलं नाही तर ३० दिवस थांबून. सुनावणी व्हिडिओवर झाली. मी रिहॅब आणि स्पीच दोन्ही मांडले. त्यांनी दादाला नाव विचारलं, त्याला सांगायला वेळ लागला, कुणी घाई केली नाही. स्पीच थेरपीचे मिळाले, रिहॅबचे नाही. क्लॉज आहे तो आहे म्हणे, आणि वाचला तर ते बरोबरच होते, राग क्लॉजवर आहे.

कुणीतरी निरामय ही अपंगांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना सुचवली, त्यात थेरपीला पैसे मिळतात, १ लाखापर्यंत. पण ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांग यांच्यासाठी, नुसतं 'डोक्याला मार' म्हणून बसत नाही. दादाचं यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलंय, बहुविकलांगात धरतात का ते बघायचंय.

रिन्यूअलचं बरेच जण विचारतात. क्लेम झाला म्हणून ते रिन्यूअल नाकारू शकत नाहीत. पण कव्हर वाढवायला गेलात तर पुन्हा सगळी तपासणी, आणि दुसरीकडं पोर्ट करायला गेलात तर समोरची कंपनी नाही म्हणू शकते, आम्हाला तोंडावरच म्हणाली. त्यामुळं जुनीच चालू ठेवलीये, तारीख वहिनीच्या आणि माझ्या दोघींच्या मोबाइलला लावलीये, कारण हप्ता आजवर दादाच भरायचा.