नवं कार्ड आलं, पण उठणार कोण?

मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. २०२४ च्या दिवाळीला घरी यायचं त्याचं नक्की झालं, तसा सप्टेंबरअखेर फोन आला. ‘‘तुझी ती कार्डं हवी असतील तर यादी पाठव. दहाच्या वर एकही आणणार नाही. मागच्या वेळी तुझ्या डब्यापायी मावशीच्या बदामांना जागा उरली नव्हती.’’

‘‘दहा कशाला दादा, रात्रीच पाठवतो,’’ म्हणालो. रात्री यादी करायला बसलो आणि ती तेवीस कार्डांची झाली.

‘ती कार्डं’ म्हणजे मॅजिक: द गॅदरिंग. रिचर्ड गारफिल्ड या गणितातल्या माणसानं १९९३ मध्ये आणलेला हा खेळ आम्ही चौघं मित्र दर शनिवारी रात्री सिंहगड रोडवर एकाच्या घरी खेळतो. त्यातला कमांडर हा प्रकार. प्रत्येकाचा डेक बरोबर १०० कार्डांचा. एक कार्ड कमांडर, बाकी ९९, आणि साध्या लँड (माना, म्हणजे कार्डं टाकायचं चलन, देणारी कार्डं) सोडल्या तर एकही कार्ड दुसऱ्यांदा चालत नाही. ९९ म्हणजे ९९. वऱ्हाडाच्या बसमध्ये ‘मी काय, दारात उभा राहून येतो’ म्हणणारा एखादा काका असतोच, पण इथे त्याला जागा नाही. नवा बसवायचा तर बसलेल्यांपैकी कुणाला तरी उठवावंच लागतं. माझ्या तेवीस कार्डांच्या यादीत उठणाऱ्यांचा रकानाच नव्हता.

माझी कमांडर मेरेन ऑफ क्लॅन नेल टोथ. २०१५ मध्ये निघालेल्या ‘प्लंडर द ग्रेव्ह्ज’ या तयार डेकमधली. काळा-हिरवा रंग, चार माना. माझा दुसरा कुठलाही प्राणी मेला की मला एक एक्सपिरियन्स काउंटर (हिशेबाची खूण) मिळतो. माझा टर्न संपताना ती स्मशानातला एक प्राणी उचलते. (स्मशान म्हणजे मेलेल्या-वापरलेल्या कार्डांचा ढीग. ग्रेव्हयार्डला आमच्या टेबलावर कोणी ग्रेव्हयार्ड म्हणत नाही.) त्याची किंमत माझ्या काउंटरांइतकी किंवा त्याहून कमी असेल तर तो थेट मैदानात येतो, नाहीतर हातात. मेरेन स्वतः मेली तरी काउंटर माझ्यापाशीच राहतात. थोडक्यात, या डेकचं पोट मेलेल्यांवर चालतं. छोटे प्राणी मरायचे, परत यायचे, पुन्हा मरायचे.

हे सगळं मला सात वर्षांपासून माहीत आहे. तरी पहिली यादी करताना मी ते पार विसरलो होतो.

त्या वर्षी २ ऑगस्टला ब्लूमबरो हा संच आला आणि २७ सप्टेंबरला डस्कमोर्न. मी दोन्ही संचांतली काळी-हिरवी कार्डं रात्री जागून वाचली आणि जे डोळ्यांत भरलं त्यावर खूण केली. सगळ्यात आधी ‘माहा, इट्स फेदर्स नाइट’. पाच मानांत सहा-पाचचा (ताकद सहा, टफनेस म्हणजे मार सोसायची क्षमता पाच) उडणारा पक्षी, शिवाय तो असेपर्यंत समोरच्यांच्या सगळ्या प्राण्यांची मूळ टफनेस एकवर. चित्रात भलंमोठं घुबड. झेरॉक्सच्या दुकानातून त्याची प्रत काढून आणली तर आई म्हणाली, ‘‘दिवाळीच्या तोंडावर घरात घुबड?’’ मग तिचं तिलाच आठवलं की ते लक्ष्मीचं वाहन, आणि विषय तिथेच मिटला.

माहाचं खरं दुखणं वेगळं होतं. समोरच्यांची टफनेस एकवर आली की त्यांना एकेक टिचकी मारणारं कार्ड आपल्याकडे हवं. माझ्या ९९ मध्ये तसं एकच होतं. माहा मागायचं, तशी आणखी दोन मागायची, मग त्या दोघांसाठी कुणाला तरी उठवायचं. पाहुणा एक, पण येतो सगळं गणगोत घेऊन. शिवाय मेरेननं त्याला मैदानात आणायचं तर पाच काउंटर हवेत, आणि तेवढे जमेपर्यंत माझा डाव बहुधा कुठल्या तरी बाजूला लागलेला असतो. खोडलं.

यादीतलं दुसरं लाडकं कार्ड ‘ऑस्टिओमॅन्सर अडेप्ट’. दोन मानांची खार, डेथटच असलेली (तिनं जखम केलेला प्राणी मेलाच), आणि टॅप केली, म्हणजे आडवी केली, की त्या टर्नमध्ये स्मशानातले प्राणी खेळता येतात. मेरेनच्या डेकला आणखी काय हवं! मी ते मित्राला फोनवर मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, ‘‘शेवटचं वाक्य परत वाच.’’ ते असं: अशा रीतीनं खेळलेला प्राणी फायनॅलिटी काउंटर घेऊन येतो. म्हणजे तो मरायला लागला की स्मशानात जाण्याऐवजी खेळाबाहेर जातो. ‘‘मग मेला असं कुठे झालं?’’ मित्र म्हणाला. ‘‘मेरेन काय मोजणार?’’

काहीच नाही. या खेळात ‘मरणं’ म्हणजे मैदानातून स्मशानात जाणं. जो तिथे पोचलाच नाही तो मेलाच नाही. एक्सपिरियन्स काउंटर नाही, परत येणं नाही. त्यातून त्या खारीला प्रत्येक वेळी फोरेज करावं लागतं, म्हणजे एकतर फूड टोकनचा (डेकबाहेरच्या खाऊच्या सोंगटीचा) बळी द्यायचा, नाहीतर स्मशानातली तीन कार्डं कायमची बाहेर काढायची. माझ्याच गल्ल्यातले पैसे मलाच व्याजानं. एकाच कार्डात माझ्या डेकला दोनदा मारायची सोय होती आणि मी त्यापुढे दोन खुणा केल्या होत्या.

त्या फोननंतर मी यादी पहिल्यापासून तपासली. प्रत्येक कार्डाला एकच प्रश्न: हे मेल्यावर जातं कुठे, आणि परत आलं तर काय काय घेऊन येतं? दुसऱ्या अर्ध्या प्रश्नानं तर कत्तलच केली. ब्लूमबरोमधल्या ऑफस्प्रिंगवाल्या प्राण्यांचं पाहा. टाकताना जादा माना दिल्या की सोबत एक-एकचं पिल्लू टोकन मिळतं, आणि टोकन मेलं तरी मेरेनला काउंटर मिळतो. कागदावर छानच. पण ते जादा माना प्राणी हातातून टाकताना द्यायचे असतात. मेरेन त्याला स्मशानातून उचलते तेव्हा तो ‘टाकलेला’ नसतो, त्यामुळे पिल्लू नाही. पहिल्यांदा जोडीनं येणारा पाहुणा दुसऱ्या खेपेपासून एकटाच. ‘इरिडेसंट व्हाइनलॅशर’ही याच कारणानं गेला.

दोन दिवसांत तेवीसची सात झाली. मग बसलेल्यांकडे वळलो, आणि खरी चूक मी तिथे केली.

माझ्या डेकमध्ये बळी द्यायची सोय करणारी आठ कार्डं आहेत, व्हिसेरा सीअरसारखी. माणूस नवं आणायला लागला की पहिली नजर अशाच मुक्या, कष्टाळू कार्डांवर जाते. ‘आठ आहेतच, सहा चालतील.’ एका रात्री वहीत गणित मांडलं. कमांडरमध्ये पहिल्या खेळाडूलाही पहिल्या टर्नला कार्ड ओढता येतं, म्हणून पाचव्या टर्नपर्यंत सुरुवातीच्या हातातली सात आणि ओढलेली पाच मिळून बारा कार्डं दिसतात. आठ असतील तर बारांत किमान एक येण्याची शक्यता सुमारे ६६ टक्के. दहा असतील तर ७४. सहावर आणलं की ५५. म्हणजे जवळजवळ निम्म्या डावांत पाचव्या टर्नला माझे प्राणी मरायला तयार आणि मारायला कोणी नाही. त्या आठांना हात लावायचा नाही, हे ठरलं.

त्याच गणितानं दुसरी गोष्ट दाखवली. कुठलंही एक विशिष्ट कार्ड बारांत दिसण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के. नवं कार्ड डेकमध्ये घालून ‘खेळून पाहू’ म्हणालो तर दहा डावांत ते एकदोनदा दिसणार, आणि त्या एकदोन वेळांवर मी ठाम मत बनवणार. ते तर लग्न जुळवताना मुलाला जिन्यात ओझरतं पाहिल्यासारखं झालं. म्हणून मित्रांना सांगून एक सोय केली: शनिवारी मी सहा कार्डं ओढायचो आणि सातवं चाचणीचं, झेरॉक्सची चिठ्ठी जुन्या कार्डावर स्लीव्हमध्ये सरकवलेली. पहिल्या हातातच ते असायचं. आठवड्याच्या मधल्या रात्री जेवणाच्या टेबलावर एकट्यानं हात वाटून पाहायचो. वहीत मी जिंकलो-हरलो लिहीत नव्हतो. चौघांच्या डावात त्याला शंभर कारणं असतात. लिहायचो ते एवढंच की मागे पडलेलो असताना हे कार्ड हातात बघून बरं वाटलं की चिडचिड झाली. पुढे असताना सगळीच कार्डं चांगली वाटतात.

चूक मात्र या सगळ्या शहाणपणानंतर झाली. डस्कमोर्नमधला ‘ओव्हरलॉर्ड ऑफ द हॉन्टवुड्स’ मला सोडवेना. पाच मानांचा सहा-पाच, आला किंवा हल्ला केला की सगळ्या पाच प्रकारची एक लँड टोकन देतो. इम्पेंडिंगची किंमत दिली तर तीनच मानांत, पण तेव्हा चार टाइम काउंटर घेऊन येतो आणि ते संपेपर्यंत प्राणी नसतो. लँड देणारा आहे तर लँड देणाऱ्याच्याच जागी बसवू म्हणून मी ‘साकुरा-ट्राइब एल्डर’ला उठवलं. २००४ पासूनचं, दोन मानांचं, एक-एकचं, दिसायला अगदीच साधं कार्ड. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून खेळाडू त्याला लाडानं स्टीव्ह म्हणतात.

पहिल्या शनिवारी ओव्हरलॉर्ड तिसऱ्या टर्नला तीन मानांत उतरला, लँड दिली, सगळे ‘वा’ म्हणाले. आणि मग माझे चार टर्न तो नुसता बसून राहिला. प्राणी नाही, त्यामुळे अडवत नाही, बळी देता येत नाही, मरत नाही. मेरेन टेबलावर, काउंटर शून्य, स्मशानात चिटपाखरू नाही. स्टीव्ह असता तर? हल्ला अडवला असता, जखम लागायच्या आत स्वतःचा बळी देऊन लँड आणली असती, मला काउंटर दिला असता आणि टर्न संपताना निदान हातात परतला असता. दोन काउंटर झाले की थेट मैदानात. दर टर्नला एक लँड, एक अडवणूक, एक काउंटर. नव्या पाहुण्यानं एक लँड दिली होती. सात वर्षं रोज पाणी भरणाऱ्याला उठवून मी त्याच्या जागी एकदा टँकर मागवला होता. दुसऱ्या शनिवारीही तेच झालं. तिसऱ्या शनिवारची वाट न पाहता स्टीव्ह परत जागेवर आला.

त्याचाच भाऊबंद ‘ओव्हरलॉर्ड ऑफ द बेलमर्क’ मात्र टिकला, आणि कारण हेच की तो कुणाच्या जागी बसतोय ते नीट पाहिलं. दोन मानांत तोही प्राणी नसतोच, पण येता येता माझ्या डेकवरची चार कार्डं स्मशानात टाकतो आणि तिथला एक प्राणी हातात देतो, स्वतःच्या अवतार जातीचा सोडून. त्या जागी आधी ‘ग्रिझली सॅल्व्हेज’ होतं: दोन मानांतच पाच कार्डं पाहून एक घ्यायचं, बाकी स्मशानात. काम जवळजवळ तेच, पण सॅल्व्हेज एकदा वापरलं की संपलं. ओव्हरलॉर्ड पुढे पाच-पाचचा होतो, मरतो, आणि पाच काउंटर झाले की मेरेन त्याला उचलते तेव्हा तो सरळ प्राणी म्हणूनच येतो आणि पुन्हा चार कार्डं टाकतो.

‘स्कॅव्हेंजर्स टॅलेंट’ मी चुकीच्या कारणानं यादीत घेतलं आणि बरोबर कारणानं ठेवलं. माना देऊन पातळ्या चढवायचं हे कार्ड. मला भुलवलं होतं तिसऱ्या पातळीनं, जिथे एक प्राणी परत येतो. तिथेही तोच फायनॅलिटी काउंटर. पण दुसरी पातळी वाचली का नीट? मी कुठल्याही गोष्टीचा बळी दिला की दोन कार्डं स्मशानात, प्राणी असो की फूड. माझ्या डेकमध्ये बळी म्हणजे श्वास घेण्यासारखं. ‘पर्पेच्युअल टाइमपीस’ नावाचं घड्याळ इतकी वर्षं टर्नला दोन कार्डं टाकत बसलं होतं, ते उठलं. तिसऱ्या पातळीला मी अजून गेलेलो नाही.

आणि ‘सीझन ऑफ लॉस’. पाच मानांचं, पाच गुणांची खरेदी: एका गुणाला प्रत्येकानं एका प्राण्याचा बळी द्यायचा, दोन गुणांना माझे या टर्नमध्ये जितके मेले तितकी कार्डं, तीन गुणांना माझ्या स्मशानात जितके प्राणी तितकं समोरच्या प्रत्येकाचं नुकसान. याच्यासाठी उठलं ‘बार्टर इन ब्लड’, चार मानांत प्रत्येकी दोन बळी. एक माना जास्त देऊन मी तीनदा बळी घेतो, मेरेनला वाचवून तीन छोटे देतो, तीन काउंटर आणि वर तीन कार्डं. बोजुका बॉग प्रत्येक डेकमध्ये घालणारा एक मित्र आहे आमच्यात, येता येता समोरच्याचं स्मशान साफ करणारी लँड. तो बसलेला असताना तीन गुणांवर भरवसा ठेवणं मूर्खपणा, पण एक आणि दोनवाले पर्याय त्याच्या हातात नाहीत. शिवाय २३ सप्टेंबरला माना क्रिप्ट आणि ज्वेल्ड लोटस या झटपट माना देणाऱ्या कार्डांवर बंदी आली, आमचं टेबल थोडं संथ झालं, आणि पाच मानांची चैन परवडू लागली. ज्याच्याकडे लोटस होतं त्याच्यासमोर हे बोलायचं नाही.

१० ऑक्टोबरला यादी पाठवली. तीन कार्डं.

‘‘तीनच?’’ दादाचा फोन. ‘‘आधी तेवीस पाठवली होतीस ना?’’

‘‘जागा नाहीये.’’

‘‘बॅगेत?’’

‘‘डेकमध्ये.’’

वसुबारसेला तो आला. एका पुस्तकात दडपून तीन कार्डं, आणि दोन किलो बदाम. त्यानंतर सहा डाव झाले, यावेळी सातही कार्डं नशिबानं ओढलेली. सीझन ऑफ लॉस अजून एकदाही हातात आलेलं नाही. स्टीव्ह चारदा आला.