रेसकोर्सच्या कुंपणाआत : पुण्यातल्या एका पावसाळी दुपारचा हिशेब

सोलापूरहून एसटीने पुण्यात येणाऱ्याला शहर पहिल्यांदा भेटते ते हडपसरच्या वाहतूक कोंडीत. भैरोबा नाला ओलांडून गाडी पूलगेटकडे निघाली, की रेसकोर्सचा परिसर लागतो. लहानपणापासून मी तो बसच्या खिडकीतून पाहत आलो, पण आत जाण्याचा योग या पावसाळ्यात आला. हे मैदान १८३० चे, लष्कराच्या जमिनीवरचे. येथील शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भरवतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला हे सगळे प्रकरण मुंबईत महालक्ष्मीला असते आणि पावसाळा लागला, की घोडे, जॉकी, ट्रेनर आणि त्यांच्यामागून फिरणारा शौकीनवर्ग पुण्यात येतो.

निमित्त माझ्या मामेभावाचे होते. तो मगरपट्ट्यातल्या एका कंपनीत आहे, आणि त्याच्या टीममधल्या मुलांनी पणजीला जाऊन मांडवीवरच्या कॅसिनोत एक रात्र काढायचे ठरवले होते. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ साली त्यांच्यासाठी कायदा झाला खरा, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. त्यामुळे ज्याला ही हौस आहे त्याला महाराष्ट्राबाहेर, बहुधा घाट उतरून गोव्याला, जावे लागते. जेवताना त्याने सहज विचारले, “बाबा, किती पैसे न्यावेत?” मामा बँकेतून निवृत्त झालेले आणि रेसचे जुने शौकीन. त्यांनी भाताचा घास संपवला आणि म्हणाले, “रविवारी माझ्याबरोबर चल. तूही चल रे, भाच्या. तिथं बसून सांगतो.” मामींनी फक्त एवढेच सांगितले, की एटीएम कार्डे घरात ठेवून जा. तसे मामांचे कार्ड कपाटातच राहते.

निघताना मामांनी एका खाकी पाकिटात शंभराच्या नोटा मोजून घातल्या, शर्यत तेवढी नोट. प्रवेशाचे तिकीट, चहा आणि रिक्षा यांचे पैसे वेगळ्या खिशात. त्यांच्या लेखी पाकिटातला पैसा घराच्या उंबऱ्यावरच खर्ची पडलेला असतो. बालगंधर्वला नाटकाचे तिकीट काढल्यावर आपण तिसऱ्या अंकानंतर ते पैसे परत मागायला जात नाही, तसाच. परत आला तर ठीक, पण तो परत येईल असे गृहीत धरून महिन्याचा कोणताही खर्च अडवून ठेवायचा नाही.

आत गेल्यावर मामा आधी पॅडॉककडे वळले. शर्यतीपूर्वी सईस घोड्यांना लगाम धरून गोल फिरवतात ती ही जागा. सकाळभर पडलेल्या पावसाने घोड्यांच्या पाठी चमकत होत्या. एक काळपट तपकिरी घोडा मान झटकून सईसाला पुढे ओढत होता आणि त्याच्या मानेवर साबणाच्या फेसासारखा घाम आला होता. “हा शर्यत इथंच पळून घेतोय,” शेजारचे एक आजोबा शर्यतींच्या पुस्तकातल्या त्याच्या नावावर पेन्सिलीने फुली मारत म्हणाले. घोड्याच्या पाठीवरचे वजन, मागच्या शर्यतींतील क्रमांक, जॉकी आणि जमीन किती मऊ झाली आहे हे दाखवणारे पेनेट्रोमीटरचे माप, हे सगळे ती मंडळी इतक्या गांभीर्याने वाचत होती, की सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ का ठरवले ते समजावे. पण कौशल्य असले तरी खेळ चालवणारा आपला हिस्सा सोडत नाही, आणि मामांना नेमके तेच दाखवायचे होते.

बुकींच्या रिंगमध्ये फळ्यांवर भाव लिहिलेले असतात. शंभराला दीडशे असा भाव असेल, तर शंभर लावून जिंकणाऱ्याला दीडशे आणि स्वतःचे शंभर असे अडीचशे मिळतात. म्हणजे बुकीच्या मते त्या घोड्याची शक्यता अडीचशेत शंभर, चाळीस टक्के. मामांनी मामेभावाला सहा घोड्यांचा एक नमुना पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून दिला. भाव शंभराला दीडशे, दोनशे, चारशे, नऊशे, चौदाशे आणि एकोणीसशे. टक्क्यांत मांडले तर चाळीस, सव्वातेहतीसच्या किंचित वर, वीस, दहा, पावणेसातच्या किंचित खाली आणि पाच. बेरीज ११५ आली. “जिंकणार एकच, म्हणजे शक्यता मिळून शंभरच भरायला हव्यात. वरचे पंधरा कुणाचे?” मामेभाऊ संगणकाचा माणूस, त्याने लगेच ११५ मधले १५ काढून सांगितले, की लागलेल्या प्रत्येक शंभरातले सरासरी तेरा रुपये बुकीकडे राहतात. मला ही पद्धत फार आवडली, कारण कोणत्याही फळ्यासमोर उभे राहून पाच मिनिटांत ही बेरीज करता येते आणि आपण कशाची किंमत देतो आहोत ते उघड होते. दोन बुकींच्या फळ्यांची बेरीज वेगळी आली, तर अर्थातच कमी बेरीज असलेल्याकडे जावे.

दुसरी सोय टोटची. येथे भाव कोणी ठरवत नाही. सगळ्यांचे पैसे एका गंगाजळीत जातात, क्लबचा आणि सरकारचा वाटा कापला जातो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. पॅरिसमध्ये जोसेफ ओलेरने १८६० च्या दशकात ही युक्ती काढली. समजा, विनच्या गंगाजळीत दहा हजार जमले, पाव हिस्सा कापून साडेसात हजार उरले आणि विजेत्या घोड्यावर लोकांचे तीन हजार होते, तर दहा रुपयांच्या तिकिटाला पंचवीस मिळतील. यातून एक गोष्ट निघते. सगळ्यांचा लाडका घोडा जिंकला तरी हाती फारसे येत नाही. आणि लांब भावाच्या, म्हणजे शक्यता कमी पण भाव मोठा अशा घोड्यांवर माणसे स्वप्नापोटी गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात, त्यामुळे त्यांच्यावर लावणारा सरासरीने आणखी जास्त हरतो, असे जगभरच्या शर्यतींत दिसून आले आहे.

त्यावर कर आहेच. लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जिंकलेली रक्कम दहा हजारांच्या पुढे गेली, तर ३० टक्के आयकर कापून हाती येते, आणि त्या आयकरात हरलेले पैसे वजा करून मिळत नाहीत.

इतके ऐकल्यावर मामेभावाने साहजिकच विचारले, “मग याच्यापेक्षा कॅसिनो बरा की! रुलेटमध्ये तर पावणेतीन टक्केच जातात.” त्याचे गणित बरोबर होते. रुलेट म्हणजे आकड्यांचे फिरते चाक, चेंडू ज्या घरात थांबेल तो आकडा जिंकतो. युरोपियन चाकावर शून्य धरून ३७ घरे असतात आणि एका आकड्यावर लावलेल्या रुपयाला ३५ रुपये मिळतात. ३६ मिळाले असते, तर खेळ समसमान झाला असता. तो एक रुपया, म्हणजे सदतिसातला एक भाग, २.७ टक्के, हे कॅसिनोचे उत्पन्न. दोन शून्ये असलेल्या अमेरिकन चाकावर घरे ३८ होतात आणि तोच वाटा ५.२६ टक्क्यांवर जातो. गिऱ्हाईकाला दिसतो तो फक्त एक हिरवा चौकोन.

मामा उत्तर देण्याआधी घोडे सुटले. समोरच्या वळणावर ते पावसाच्या पडद्याआड पुसट झाले आणि सरळ रेषेत आले तेव्हा टापांखालची गवताची ढेकळे मागच्या जॉकींच्या अंगावर उडत होती. दोन मिनिटांच्या आत सगळे संपले. मग पुन्हा अर्धा तास काही नाही. लोक चहा घ्यायला गेले, कोणी भजी आणली, आजोबांनी चष्मा पुसला.

“हा अर्धा तास बघितलास?” मामा म्हणाले. “हाच स्वस्त आहे.” आणि त्यांनी जो हिशेब मांडला, त्यासाठीच मी हे सारे लिहायला बसलो. टक्केवारी आपण आणलेल्या पैशावर लागत नाही, लावलेल्या पैशावर लागते. तोच शंभर रुपया पुन्हापुन्हा टेबलावर गेला, की दर वेळी त्यातला वाटा कापला जातो. येथे दुपारभरात सात शर्यती धरा. दर शर्यतीला शंभर म्हणजे सातशे लागले, त्याचे तेरा टक्के ९१ रुपये, कर वरून भरला असे धरले तर आणखी २८०, एकूण ३७१. रुलेटचे चाक तासाला साधारण चाळीस वेळा फिरते. लाल-काळ्यावर, म्हणजे चेंडू लाल घरात पडेल की काळ्या यावर, शंभर-शंभर लावत चार तास बसलास, तर १६,००० रुपये टेबलावरून फिरले, आणि त्याचे २.७ टक्के ४३२ होतात. चिप्स, म्हणजे टेबलावर लावायची टोकने, घेताना द्यायचा कर त्यात धरलेलाच नाही. एकीकडे करासकट जवळजवळ अडतीस टक्के कापणारा खेळ, दुसरीकडे पावणेतीन टक्क्यांचा, आणि रात्रीअखेर महाग पडतो तो दुसरा. मामेभाऊ बराच वेळ आकडे पाहत राहिला. त्याने दोनदा गुणाकार केला आणि मग वेग कमी करायचा म्हणून दर तिसऱ्या फेरीलाच लावण्याचा पर्याय स्वतःच सुचवला. मामांना तो पसंत पडला.

अंदर-बाहरचीही तीच गत. या पत्त्यांच्या खेळात आधी उघडलेल्या पानाच्या जोडीचे पान अंदर पडेल की बाहर, ते ओळखायचे असते. पहिले पान ज्या बाजूला पडते तिची शक्यता ५१.५ टक्के असते. म्हणून अंदरला पहिले पान पडत असेल तेथे जिंकल्यास शंभराला नव्वदच देतात, आणि कॅसिनोचा वाटा तरीही दोन टक्क्यांहून थोडा अधिक राहतो. बाहरला शंभराला शंभर मिळतात, पण तेथे तो तीन टक्के होतो. बॅकरा या पत्त्यांच्या खेळात खेळाडू आणि बँकर अशा दोन डावांपैकी बँकरवर लावले, तर सुमारे एक टक्का जातो. मात्र बरोबरीवर एकास आठ मिळतात म्हणून त्या घरात चिप सरकवली, की चौदा टक्क्यांच्या वर. जेथे बक्षीस मोठे लिहिलेले असते, तेथे थांबून हिशेब करावा, हे माझे मत याच उदाहरणाने पक्के झाले.

आमच्या पुढच्या बाकावर एक गृहस्थ होते. दर शर्यतीला हरल्यावर ते पुढच्या शर्यतीत दुप्पट लावत होते आणि ते मित्राला मोठ्याने सांगतही होते, की आता तर यायलाच पाहिजे. हा दुपटीचा डाव रुलेटवाल्यांनाही फार प्रिय. शंभरापासून सुरुवात केली आणि ओळीने सात वेळा हरले, तर १२,७०० रुपये गेलेले असतात, तेही शंभर रुपये कमावण्यासाठी. युरोपियन चाकावर लाल-काळ्याला ओळीने सात हार येण्याची शक्यता शंभरात एकाच्या किंचित खाली आहे, आणि एका रात्रीत अशी सुरुवात कितीदा होते ते मोजले, की ही शक्यता लहान वाटत नाही. मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ रोजी चेंडू ओळीने २६ वेळा काळ्यावर पडला, आणि आता लाल येणारच म्हणून लोक रकमा वाढवत बुडाले. चाकाला मागची फेरी आठवत नसते. घोड्याला कदाचित आठवत असेल, पण त्याचा आपल्या नुकसानीशी संबंध नाही. त्या गृहस्थांनी शेवटी मित्राकडे उसने मागितले, तेव्हा मामांनी मान दुसरीकडे वळवली. ज्यांच्या घरात हे प्रकरण पाकिटाबाहेर गेले आहे, त्यांच्यासाठी शासनाची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

जॅकपॉटबद्दल थोडक्यात सांगतो. ओळीने पाच शर्यतींचे विजेते ओळखायचे. एका जोडणीला दहा रुपये धरले, तर प्रत्येक शर्यतीत दोन घोडे घेतल्यास ३२ जोडण्या, म्हणजे ३२० रुपये होतात, आणि तीन घेतल्यास २४३ जोडण्या, २,४३० रुपये. खिडकीवर “अजून एक घोडा घालू” असे म्हणणे किती महाग पडते ते रांगेतल्या कित्येकांना ठाऊक नसावे.

मामेभावाने मधल्या एका शर्यतीत प्लेसला, म्हणजे घोडा पहिल्या तिनांत येईल यावर, शंभर लावले आणि घोडा तिसरा आला. हाती १७० पडताच त्याला पुढच्या शर्यतीत दोनशे लावायचे होते. मामांनी तिकिटाचे पैसे त्याच्या हातून घेऊन त्याच्याच शर्टाच्या खिशात घातले आणि बटण लावले. जिंकलेले पैसे त्या दिवशी पुन्हा खेळात येत नाहीत, हा त्यांचा नियम. मला तो जरा कडक वाटतो, कारण जिंकल्यावर थोडे मोकळे व्हावे एवढीही मुभा नसेल, तर करमणुकीत करमणूक कसली? पण लावलेला एकूण पैसा आटोक्यात ठेवणारा याहून सोपा उपाय मलाही सुचला नाही. एका शर्यतीत तर त्यांनी काहीच लावले नाही, कारण घोडे कळत नव्हते. ती नोट पाकिटातच राहिली.

परतताना रिक्षात मामेभावाने गोव्याचा आकडा काढला. शंभराची चिप, लाल-काळ्यावर १६० फेऱ्या, सरासरी तोटा ४३२, आणि नशिबाची चढउतार अडीच हजारांपर्यंत. म्हणजे तीन हजार नेले, तर बहुतेक रात्री ते पुरावेत. टेबलावरची किमान रक्कम पाचशे असेल, तर हाच आकडा पंधरा हजार होतो, आणि तेवढे त्याला द्यायचे नव्हते. त्यामुळे प्रवेशाच्या पैशात जेवण आणि थोड्या चिप्स मिळतात का ते आधी विचारायचे, शंभराचे टेबल नसेल तर तास कमी करायचे आणि मोबाइलमधले पैसे पाठवण्याचे ॲप निघण्यापूर्वी काढून टाकायचे, असे त्याने ठरवले. मामांनी तीन हजारांऐवजी अडीचच सुचवले. पूलगेटपासून घरापर्यंत त्या पाचशे रुपयांवर दोघांचा वाद चालला होता, आणि मामींनी दार उघडले तेव्हाही तो मिटला नव्हता.