रात्री अडीचचा नमुना

रात्री अडीचला पुन्हा इन्क्युबेटर उघडला. दर आठ तासांनी नमुना, म्हणजे झोपेचं खोबरंच. गिम्साने रंगवलेल्या काचपट्टीवर तांबड्या पेशींत फाल्सिपॅरम या मलेरियाच्या परजीवीच्या इवल्या अंगठ्या, म्हणजे त्याची कोवळी रूपं, दिसल्या तेव्हा जरा जीवात जीव आला. वाढलेले परजीवी सॉर्बिटॉल या रसायनाने आधीच मारले होते; उरलेले सगळे जवळपास एकाच वयाचे.

मलेरियाच्या या परजीवीचं रक्तातलं चक्र 48 तासांचं. बहुतेक जनुकं त्यात आपापल्या ठरल्या वेळी एकदाच जोरात चालतात. पण माझा जीव अडकलाय 'व्हार' जनुकांत. साधारण 60 आहेत, आणि एका वेळी चालू सहसा एकच! बाकीची केंद्रकाच्या कडेला गप्प. चालू जनुकाचं प्रथिन तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर येतं, रक्तवाहिनीला चिकटतं. शरीर ते ओळखायला शिकतं, तोवर काही परजीवींनी दुसरंच जनुक चालू केलेलं असतं.

आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "बहुरूपीच की मेला!" माझ्या प्रबंधातल्या चार पानांपेक्षा हे बरं.

कोणतं जनुक चालू आहे ते ज्यावरून कळतं, तो आरएनए मात्र आजही तुटकाच निघाला. हातमोजे न बदलता ट्यूब उघडली, दुसरं काय.