डॉज सिटी 1878: सहाव्या डब्याचं दार जुळेना

टेक्सासची गुरं जिथे रेल्वेत चढायची त्या कॅन्सासमधल्या डॉज सिटीचं मी रेल्वे मॉडेल बनवतोय. गुरं चढवायचे सहा रॅम्प, सहा स्टॉक कार (गुरांचे डबे) आणि सहाव्या डब्याचं दार रॅम्पच्या चक्क 60 मिमी पुढे. शनिवारी रात्री पहिल्यांदा अख्खी रांग सायडिंगला (बाजूच्या रुळावर) लावली तेव्हा हे दिसलं. तोवर कठडे चिकटले होते, रंगही वाळला होता.

चूक मापात आहे. 30 फुटी डबा एचओत (1:87 प्रमाणात) 105 मिमी भरतो, म्हणून रॅम्पही 105 मिमीवर बसवले. कपलरचं (डबे जोडणाऱ्या आकड्याचं) अंतर धरलंच नाही. प्रत्येक सांध्याला 12 मिमी, पाच सांधे, झाले 60.

आधी आखूड कपलर लावून पाहिले. सरळ रुळावर डबे छान बिलगले, पण 18 इंच त्रिज्येच्या वळणावर कोपऱ्याला कोपरा घासून तिसरा डबा उतरला. तीनदा फिरवली, तीनदा उतरला. मग 117 मिमीच्या मापाने नवा फलाट लेझर-कट करून आणला. 3 मिमी सांगितलेला एमडीएफ (दाबलेल्या भुशाचा बोर्ड) हातात आला 2.5 मिमीचा, सगळ्या खाचा सैल. कुंपणासाठी लेझर नकोच, हे माझं आता पक्कं मत आहे. जळकी कड कितीही रंगवा, लाकूड वाटत नाही. बासवूडच्या (मऊ लाकडाच्या) पट्ट्या हाताने कापलेल्या बऱ्या.

मागच्या वेळी रुळात होणारा शॉर्ट सर्किट मात्र सुटला. फ्रॉगला (रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला) वेगळी वायर दिल्यावर माझं 4-4-0 वाफेचं इंजिन टर्नआउटवर (रूळ फुटतात तिथे) अडखळत नाही. ते संथ सरकणं मी अर्धा तास नुसतं बघत बसलो होतो.

तेव्हाच हिशेब सुचला. टेक्सासहून निघालेला कळप साधारण अडीच हजारांचा. एका डब्यात वीसेक लाँगहॉर्न (टेक्सासची लांब शिंगांची गुरं). म्हणजे अख्खा कळप गाडीत घालायचा तर सव्वाशे डबे! सहा रॅम्प जुळवून मी सगळं झटपट उरकायला निघालो होतो आणि या गावाचं आयुष्य तर थांबण्यावर उभं होतं. गिऱ्हाईक ठरेपर्यंत, डबे मिळेपर्यंत कळप गावाबाहेर चरायचे. दोन-तीन महिने खोगिरावर काढलेल्या पोरांच्या हातात पगार पडायचा, आणि समोर फ्रंट स्ट्रीट. उत्तरेकडच्या माणसांनी चालवलेल्या गुत्त्यांना ‘अलामो’, ‘लोन स्टार’ अशी टेक्सासची नावं का, ते इथे कळतं. पाट्या या पाहुण्यांसाठी होत्या.

म्हणून बेत बदलला. सहा नाही, दोनच रॅम्प. इंजिन दोन-दोन डबे पुढे सरकवेल, मागे गुरांची दाटी राहील. डब्यांच्या फटींतून लांब काठीने गुरं ढोसणारा माणूसही हवाच, ‘काऊपंचर’ (गुराखी) हा शब्द त्या ढोसण्यातूनच आलाय. मोकळ्या झालेल्या जागेत रॅथ अँड राइट या व्यापाऱ्यांचं कातड्यांचं आवार बसेल. 1878च्या त्या प्रसिद्ध फोटोत 40,000 म्हशींची (बायसनची) कातडी रचलेली आहेत. सांता फे रेल्वे 1872मध्ये इथे पोचली तेव्हा गावाचा पहिला माल तोच होता, गुरं नंतर आली.

हे लिहिता लिहिता आणखी एक लक्षात आलं. बॅकड्रॉपवर (मॉडेलमागच्या चित्रावर) मी हौसेने गव्हाची शेतं रंगवलीत, ती पुसायला हवीत. लाँगहॉर्नच्या अंगावरच्या गोचिडांमुळे शेतकऱ्यांची गुरं टेक्सास फीव्हरने मरायची, म्हणून कॅन्सासची क्वारंटाइन रेषा (तिच्या पूर्वेला टेक्सासच्या गुरांना बंदी) शेतांच्या पुढे पश्चिमेला सरकत राहिली. 1876मध्ये कॅन्सासमधलंच विचिटा गाव या गुरांना बंद झालं आणि कळप डॉजकडे वळले. 1885मध्ये सगळं राज्यच बंद झालं. माझ्या 1878मध्ये कळपांना चरायला मोकळं माळरान हवं, तेही क्षितिजापर्यंत.

रूळ मात्र जागचे हलवणार नाही. ते गावाच्या मधोमध, दोन्ही बाजूंना फ्रंट स्ट्रीट. हीच ‘डेडलाइन’. रुळांच्या उत्तरेला बंदूक घेऊन फिरायला बंदी, दक्षिणेला नाचघरं आणि मोकळीक. मार्शल एड मास्टरसन 1878च्या एप्रिलमध्ये दक्षिणेलाच मारला गेला. त्याच सुमाराच्या फोटोत बंदूकबंदीची पाटी दिसते आणि तिच्यावर ‘प्रिकली ॲश बिटर्स’ या औषधी अर्काची जाहिरातही. तिचं डेकल (चिकटवायचं छापील चित्र) काल उतरलं. भिंगाखाली अक्षर न् अक्षर वाचता येतं!

आता गुरं. युरोपियन पाकिटांत मिळतात त्या काळ्या-पांढऱ्या दुभत्या गाई, शिंगं नावाला. मी 0.3 मिमी तांब्याची तार वाकवून चिकटवतोय. पहिल्या खेपेला ती वर-मागे वळली आणि शेजारचे काका म्हणाले, ‘खिल्लार झकास झालाय.’ लाँगहॉर्नची शिंगं आधी आडवी पसरतात, मग टोकाशी वर वळतात. ती डब्याच्या दारातून नेताना मान तिरकी करावी लागते, म्हणून रॅम्पवरच्या चौघांच्या माना कापून फिरवल्या.

63 तयार आहेत. दाटी दिसायला निदान 200 लागतील.