बाजारातली चिप अवकाशात चालते का?

वाळूजला गाड्यांचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी टेस्टिंगला आहे. कॉलेजात बोलायला गेलो की हा प्रश्न येतोच, गावाकडे पारावर बसलो तरी येतो: “एवढा भारी मोबाइल खिशात हाय, मग तसलीच चिप उपग्रहात कामून नाही बसवत?” तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

बसवतात. २५ फेब्रुवारी २०१३ ला आपल्या श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी२० उडालं, त्यात ब्रिटनचा स्ट्रँड-१ हा छोटा उपग्रह होता आणि त्याच्या पोटात नेक्सस वन हा बाजारातला मोबाइल. मंगळावरच्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरचं मुख्य गणित स्नॅपड्रॅगन ८०१ करायचा, तोही मोबाइलचाच प्रोसेसर. ज्या रोव्हरच्या पोटाखालून ते मंगळावर उतरलं, त्या पर्सिव्हिअरन्समध्ये मात्र रॅड७५० आहे. १९९०च्या दशकातल्या पॉवरपीसी ७५० चिपचा हा किरणोत्सर्ग सोसणारा अवतार, वेग फार तर २०० मेगाहर्ट्झ. स्नॅपड्रॅगन त्याच्या कितीतरी पुढे.

मग सगळीकडे तोच का नाही? कारण वर पृथ्वीच्या वातावरणाचं पांघरूण नाही. एखादा भारित कण मेमरीतून आरपार गेला की शून्याचा एक होतो. चिप शाबूत राहते, फक्त आकडा खोटा होतो, आणि खोट्या आकड्यावर यान वळलं तर मोहीम गेली. दुसरा प्रकार जास्त वाईट. त्याला लॅच-अप म्हणतात. कणाच्या धक्क्याने चिपच्या आत नको तिथे वाट उघडते, करंट भसाभस वाहतो आणि वीज ताबडतोब तोडली नाही तर चिप जळते. उष्णतेचा त्रास वेगळाच. लातूरला मे महिन्यात कॉम्प्युटरचा पंखा घरघरत का होईना, गरम हवा बाहेर टाकतो. निर्वातात पंखा काय ढकलणार? उष्णता धातूतून खेचून नेऊन बाहेरच्या पृष्ठभागावरून प्रारणाने सोडावी लागते.

हे सगळं धरून चिपभोवती राखण उभी करणं, हेच खरं काम. मेमरीला चूक पकडून दुरुस्त करणारा कोड देतात. करंट मर्यादेबाहेर गेला की वीज तोडून पुन्हा जोडणारं सर्किट लावतात. वॉचडॉग असतो: प्रोग्रामने ठरावीक वेळात खूण दिली नाही की तो सरळ रीसेट मारतो. मला सगळ्यात आवडते ती इन्जेन्युइटीची रचना. स्नॅपड्रॅगन हुशार, पण उड्डाण सावरणारे दोन मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एखादं यंत्र सांभाळणाऱ्या छोट्या चिपा, वेगळे, आणि ते गाड्यांच्या सुरक्षाप्रणालींसाठी बनलेल्या जातीचे. त्यांच्यात प्रत्येकी दोन कोअर (गणित करणारे भाग) एकच काम बरोबरीने करतात आणि उत्तरं जुळली नाहीत की चूक लगेच उघडी पडते. एक मायक्रोकंट्रोलर बिघडला तर दुसऱ्याकडे ताबा द्यायला किरणोत्सर्ग सोसणारी एक एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी ठरवता येणारी चिप, पहाऱ्यावर. ठरवलेली उड्डाणं होती ५, झाली ७२. ही बातमी मी लाइनवरच्या पोरांना वाचून दाखवली होती, कारण त्या जातीचे भाग आम्ही रोज हाताळतो. उणे ४० ते १२५ अंशांत गाडीची चिप चालली पाहिजे, हा आमचा रोजचा नियम.

राखणीशिवाय जाणं मात्र महागात पडतं. रशियाचं फोबोस-ग्रुंट २०११ मध्ये पृथ्वीच्या कक्षेतच अडकलं. अवकाशासाठी न तपासलेल्या चिपांवर भारित कण आदळून दोन्ही कॉम्प्युटर एकदम रीसेट झाले, असा निष्कर्ष तिथल्या चौकशी आयोगाने काढला. याउलट २०१७ मध्ये अवकाश स्थानकावर नेहमीचा सर्व्हर पाठवला गेला, संरक्षण सॉफ्टवेअरचंच. माहिती साठवणाऱ्या २० पैकी ९ एसएसडी निकामी झाल्या, तरी कॉम्प्युटर शेवटपर्यंत काम करत राहिला. भाग मरणार हे धरून बांधलं होतं, म्हणून.

पोरं पुढे विचारतात, आपल्याकडे राहून यातलं काय करता येईल? थंडी-उष्णता सोसवून बघणारा थर्मल चेंबर आणि हादरे देणारं व्हायब्रेशन टेबल ही आमच्या धंद्यातली रोजची यंत्रं आहेत. तीच शिस्त पुढे उपग्रहाच्या बोर्डाला लागते. वॉचडॉग आणि चूक पकडणारा कोड तर साध्या मायक्रोकंट्रोलरवर हॉस्टेलच्या खोलीत लिहून बघता येतो. मेमरीतला एखादा बिट प्रोग्रामनेच मुद्दाम उलटवायचा आणि आपला कोड तो पकडतो का बघायचं. खऱ्या कणांचा मारा बघायचा तर त्वरक, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र, लागतं. जड आयनांचा झोत देणारा पेलेट्रॉन हा असाच त्वरक मुंबईत कुलाब्याला, टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारात आहे.