एका रकान्यापायी २१ दिवस

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जुन्या जैन मंदिराची संगणकावर प्रतिकृती करून, तिच्या छतातल्या ७२ पाकळ्यांच्या कमळाखाली खानापूर, निपाणी आणि बेळगावची पोरं आपापल्या लॅबमध्ये बसून एकत्र फिरावीत, एवढंच मला करायचं होतं. मॉडेल, चालणं, बोलणं दोन महिन्यांत उरकलं. अडलो ते पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरून माहिती ये-जा करते त्या क्रमांकाच्या दारावर.

टिळकवाडीत घरच्या वायफायवर सगळं झकास चालायचं. बेळगावच्या ज्या कॉलेजात प्रयोग ठेवला होता, तिथं मात्र जो तो बस्तीत एकटाच. कारण सापडायला अख्खी दुपार गेली: आवाज आणि हालचाल वेबआरटीसीवरून (ब्राउझरमधून थेट बोलण्याची सोय), यूडीपीनं जायची, म्हणजे पोच न बघता झटपट माहिती पाठवायच्या पद्धतीनं, आणि तिथल्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्यात, यूडीपी बंद. पोर्ट उघडून द्या असा अर्ज केला. फॉर्मवर 'पोर्ट क्रमांक' असा एकच रकाना, बोटभर रुंद. माझ्या सर्व्हरला ४०००० ते ४९९९९ लागत होते. दोन्ही आकडे बारीक अक्षरात कोंबले. आठवड्यानं अर्ज परत, वर लाल शाईत 'एकच क्रमांक लिहावा'. रात्र जागून सर्व्हर एका पोर्टवर आणला, पुन्हा अर्ज दिला. मग सही करणारे सर रजेवर, 'सोमवारी या'. तिकडे खानापूरची पोरं दोन शनिवार हेडफोन घालून बसून राहिली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

२१व्या दिवशी लॅबच्या सरांना सांगून टर्न सर्व्हर (सगळ्यांची माहिती मध्ये घेऊन पुढे पाठवणारा) टीएलएससह, म्हणजे कुलूपबंद करून, ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर लावला. बँकेची वेबसाइट उघडते तीच ही वाट, बहुतेक ठिकाणी वेगळी परवानगी लागत नाही. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करून ठेवा. या वाटेवर यूडीपीऐवजी टीसीपी असतं, ते सगळं क्रमानंच पोचवतं; त्यामुळे माहितीचं एक पॅकेट हरवलं की मागची अडकतात आणि पडद्यावरची माणसं झटके देत चालतात. म्हणून शेवटच्या वेगावरून पुढची जागा ताडायची. १९८०च्या दशकात सिमनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी सैन्याच्या संगणकावरच्या युद्धसरावात, रणगाडे असेच हलवायचे.

हे तीन तासांत जमलं, कारण निरोप पोचवणारा भाग मी सुरुवातीपासून वेगळा ठेवला होता. बस्तीच्या कोडला यूडीपी की टीसीपी हे ठाऊकच नाही. मराठी आणि कन्नड पाट्याही अशाच वेगळ्या प्लगइनमध्ये, म्हणजे वरून जोडायच्या तुकड्यांत. उद्या कुणी तिसरी भाषा जोडली तर मूळ कोडला हात लावायला नको. आणि हो, एकच वस्तू दोघांनी उचलली तर ती कुणाची, हे सर्व्हरलाच ठरवू द्या.

चौथ्या शनिवारी खानापूरची एक मुलगी हेडफोनमधून ओरडली, "ओ, वर बघा की!" आणि पडद्यावरची सगळी डोकी एकदम वर वळली.