खुराड्याचा वास, आणि मी बंद केलेले झरोके

दोन आठवड्यांपूर्वी पहाटे खुराड्याचं दार उघडलं आणि डोळ्यांतून पाणीच आलं. थंडी वाढली म्हणून आठ दिवस आधी मीच सगळ्या फटी गोणपाटाने बुजवल्या होत्या, छपराखालची जाळी पण, कोंबड्यांना वारा लागू नये म्हणून. आत बघितलं तर पत्र्याला खालून थेंब लोंबतायत, त्यांच्या बसायच्या दांडीखालचं तूस काळं पडून त्याची पापडी झालेली, आणि आमची तांबडी कोंबडी एक डोळा अर्धवट मिटून कोपऱ्यात उभी. काळजीपोटी केलं आणि त्याचाच त्रास त्यांना झाला, फार वाईट वाटलं.

तर झालं काय, की कोंबडीच्या ताज्या शिटेत 70 ते 80 टक्के पाणीच असतं. ती वेगळी लघवी करत नाही, शिटेवर जो पांढरा भाग दिसतो ना ते युरिक अ‍ॅसिड, आणि त्याला ओल मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात, तोच तो नाकात झणझणणारा वास. त्यात रात्रभर सगळ्याजणी एका जागी बसून श्वास सोडणार, त्याची वाफ वेगळीच. ही वाफ बाहेर गेली नाही तर थंड पत्र्यावर जमते आणि थेंब थेंब परत तुसावरच पडते.

थंडी कोंबडी बऱ्यापैकी सोसते हो, पिसं फुगवून बसते. ओल मात्र नाही सोसत. म्हणून झरोके वर हवेत, छपराला लागून, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर, म्हणजे गरम दमट हवा वरच्या वर निघून जाते आणि झोत अंगावर येत नाही. शक्यतो समोरासमोर दोन बाजूंना, आणि बारीक मजबूत जाळी लावून, नाहीतर रात्री मुंगूस-मांजर आत यायचं. मी त्याच दिवशी वरची गोणपाटं काढली, दांडीच्या उंचीवरची फट तेवढी बंद ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रा कोरडा होता!

एक सांगते, आपल्या नाकावर फार विश्वास ठेवू नका. अमोनिया 25 पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 25 भागांच्या) वर नको असं सगळे सांगतात, पण रोज आत जाणाऱ्याच्या नाकाला सवय होते आणि काहीच जाणवत नाही. शिवाय आपण उभे असतो आणि वास सुटतो जमिनीतून. मी आता पहाटे दार उघडल्या उघडल्या खाली बसते, तोंड कोंबडीच्या उंचीला नेते आणि दोन-चार श्वास घेते. डोळे जरा जरी चुरचुरले तरी समजायचं की त्या रात्रभर त्यात होत्या. त्याने कोंबड्यांचे डोळे सुजतात, श्वासनळीतले बारीक केस खराब होतात आणि मग सर्दी-खोकल्याची लागण पटकन होते.

तुसाचं म्हणाल तर मूठभर घेऊन आवळून बघायचं. घट्ट गोळा झाला आणि तसाच राहिला तर ओल जास्त, हात उघडल्यावर हळूच सुटला तर बरोबर, आणि नुसती धूळ उडाली तर जास्तच कोरडं, त्यानेही श्वासाला त्रास होतो. पापडी झाली असेल तर ती उचलून फेकायची, वरून नवीन तूस टाकून झाकायची नाही, खाली कुजतच राहते ती. बरीच शीट रात्री दांडीखाली पडते, म्हणून मी तिथे फळी ठेवली आणि रोज सकाळी खरवडते, पाच मिनिटांचं काम आहे पण सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

आणि चुना! ओल्या तुसावर चुना मारायचा सल्ला मला पण मिळाला होता, मारला, वास अजून भडकला. चुन्याने तूस अल्कधर्मी होतं आणि अडकलेला अमोनिया उलट मोकळा सुटतो. खुराडं रिकामं करून, धुऊन वाळवल्यावर जमिनीला मारा, तिथे त्याचा उपयोग आहे.

तांबडीचा डोळा पाचव्या दिवशी पूर्ण उघडला, आता बाकीच्यांच्या आधी बाहेर पडते. अजून पाण्याच्या भांड्याजवळचा कोपरा ओला होतोय, भांडं खाली आहे म्हणून त्या सांडतात, ते आज विटा लावून त्यांच्या पाठीच्या उंचीला आणते.